नैवेद्यापुरती नाही

परवा माजिवड्याच्या नाक्यावर भाजीवाल्याकडे भरताची वांगी दिसली. मोठी, काळपट जांभळी, देठाशी काटे असलेली. तशी ती हल्ली बारा महिने मिळतात. पण आमच्याकडे आषाढीपासून वांगं आणि कांदा बंद होतो तो थेट चंपाषष्ठीला सुटतो, त्यामुळे मधले चार-पाच महिने ती समोर असूनही दिसत नाहीत. मार्गशीर्ष लागला की एकदम दिसायला लागतात. मी दोन उचलली, हातात तोलून पाहिली आणि पिशवीत टाकली. घरी आल्यावर ओट्यावर ठेवली तर मोहरी पुढचे पाय ओट्याला लावून उभी राहिली आणि नाक वर करून वास घ्यायला लागली. आता ती तीन वर्षांची आहे, उभी राहिली की माझ्या कमरेच्या वर येते. तिचा पहिला मार्गशीर्ष मात्र तिने जुन्या चादरीच्या झोळीत, माझ्या छातीशी काढला होता.

त्या वर्षी थंडी लवकर आली होती. ठाण्याची थंडी ती केवढी, पण सकाळी हायवेवर धुरकं असायचं आणि मेट्रोच्या कामाचे पिवळे पत्रे हाताला गार लागायचे. त्याच पत्र्यांच्या आडोशाला, सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर, मला मोहरी सापडली. संध्याकाळी ऑफिसातून चालत येत होते. आवाज आला तो उंदराचा वाटला. वाकून पाहिलं तर मूठभर काळं काहीतरी, डोळ्यांत घाण साचलेली, पोट मात्र फुगून टणक झालेलं. आजूबाजूला आई नव्हती, भावंडं नव्हती. मी पंधरा मिनिटं उभी राहिले, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. मग लक्षात आलं की येणारी जाणारी माणसं माझ्याकडे तशाच नजरेनं बघतायत, की ही आली आहे ना, ही नेईल. नेलं.

डॉक्टर म्हणाले, मादी आहे, दोन महिन्यांची असेल, पोटात जंत आहेत. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर जमिनीवर सोडायचं नाही, आणि दर तीन तासांनी थोडं थोडं खायला घालायचं. ऑफिसात मी आठ दिवसांची रजा टाकली. सत्तावीस वर्षांत मी सलग आठ दिवस रजा कधीच घेतली नव्हती. साहेबांनी विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी हो म्हणाले.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांचे आराखडे काढते. कुठे दार, कुठे खिडकी, देवघराला कुठला कोपरा, वॉशिंग मशीन कुठे मावेल. लोक येतात, नकाशावर बोट ठेवून सांगतात, ही मुलांची खोली, ही आईबाबांची. माझं स्वतःचं घर मी चाळिशीत घेतलं. एक हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, पूर्वेला गॅलरी. दारावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. तरी आमच्या घरात त्याला 'नंदाची खोली' म्हणतात. "नंदाच्या खोलीवर जाऊन ये," असं आई म्हणते, जणू मी अजून वर्किंग वुमन्स हॉस्टेलमध्येच राहते. घर म्हणजे दादाचं, डोंबिवलीला मानपाडा रोडवर आहे ते. तिथे आई राहते, तिथे देव आहेत, तिथे सण होतात.

आणि त्या सणांना मी 'मोकळी' असते. हा शब्द मला किती वर्षं चिकटला आहे, आठवत नाही. "नंदा मोकळीच आहे, ती आदल्या दिवशी येईल." "नंदाकडे दे बाळाला, ती मोकळी आहे." "तू मोकळीच बसली आहेस तर एवढे कांदे चीर." इतरांना निघायची घाई असे. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाची सासू आजारी, कुणाच्या नवऱ्याला सकाळची शिफ्ट. मला निघायचं असलं तर कारण काय सांगणार? घरी कोण वाट बघतंय, असं कुणी तोंडावर म्हणत नसे, पण मी उठले की सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न वाचता यायचा. म्हणून मी थांबायचे. भांडी पुसून झाली, ताटं मांडणीवर गेली, की मग पदर सोडवून निघायचे. मला त्याचा राग यायचा असंही नाही. बोटाला सुई टोचून टोचून घट्टा पडतो, तसं झालं होतं.

तर त्या वर्षी चंपाषष्ठीच्या चार दिवस आधी दादाचा फोन आला. अनिलदादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

"नंदा, आदल्या दिवशी दुपारीच ये. पुरण आहे, रोडगे आहेत, वहिनीला एकटीला झेपणार नाही. तू मोकळीच आहेस."

"दादा, मी मोकळी नाहीये. घरी मोहरी आहे."

"कोण मोहरी?"

"कुत्र्याचं पिल्लू. दोन महिन्यांचं."

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मग तो म्हणाला, "एक दिवस ठेव कुणाकडे तरी."

"ठेवण्यासारखं कुणी नाही. तिला दर तीन तासांनी भरवावं लागतं. मी घेऊन येते तिला."

"अगं, घरात देव बसलेत. सहा दिवसांचं नवरात्र आहे. माधवकाका येणार. कुत्रं कसं आणणार तू?"

"देव खंडोबाच आहे ना?"

"तुला विनोद सुचतायत."

"विनोद नाही करत. ती येणार नसेल तर मीही येणार नाही."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. फोन ठेवला आणि परत लावून माफी मागावी म्हणून लगेच उचलला, पुन्हा ठेवला. एकावन्न वर्षांच्या बाईने भावाला 'येणार नाही' म्हणून लगेच माफी मागायला निघावं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात मोहरीने हॉलच्या मधोमध शू केली आणि मी वर्तमानपत्र शोधायला उठले. बंड करणाऱ्याला फरशीही पुसावी लागते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

अर्ध्या तासाने शुभावहिनींचा फोन आला. "नंदा, गॅलरीत ठेवू आपण तिला. यांना मी सांगते. आदल्या दिवशी नको येऊस, सकाळी ये. पण ये."

चंपाषष्ठीच्या सकाळी मी आंबाडा घातला, वांगी रंगाची साडी नेसले, झोळी गळ्यात अडकवली आणि मोहरीला आत ठेवलं. खांद्याला पिशवी, पिशवीत दुधाची बाटली, मऊ भात, जुने टॉवेल, औषधं. आरशात पाहिलं आणि मला हसू आलं. समारंभाला निघालेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणी, चुलत बहिणी, त्यांच्या वयाच्या पंचविशीत अशाच दिसत होत्या.

रिक्षा हायवेने मानकोलीकडे निघाली. रिक्षावाला तिकडचाच, खाडीकाठच्या गावचा. झोळी हलली तशी त्याने आरशातून पाहिलं.

"ताई, पोर हाय का काय?"

"कुत्र्याचं पिल्लू आहे."

"मंग पडदा लावा त्या बाजूचा. वारा लागंल तिला."

एवढंच बोलला. डोंबिवलीकडच्या पुलावर मोहरी ओकली, माझ्या निऱ्यांवर. त्याने रिक्षा कडेला घेतली, सीटखालून पाण्याची बाटली काढून दिली आणि मी साडी पुसत होते तोवर खाडीकडे तोंड करून उभा राहिला. एका अनोळखी माणसाला जे इतकं सहज जमलं, ते पुढच्या तासाभरात माझ्या माणसांना का जमू नये, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. कदाचित त्याला माझ्याकडून दुसरं काही नको होतं म्हणून असेल.

दादाच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी होती. 'भटक्या कुत्र्यांना आवारात अन्न घालू नये. आदेशावरून.' खाली दादाची सही. मी ती पाटी दर वेळी बघत असे, पण वाचली त्या दिवशी.

आत हॉलमध्ये देव मांडले होते. चौरंगावर खंडोबाची मूर्ती ठसवलेला चांदीचा टाक, झेंडूच्या माळा, नंदादीप. मागे भिंतीला आमच्या बाबांनी आणलेली तसबीर. पांढऱ्या घोड्यावर देव, हातात तलवार, आणि घोड्याच्या पायांशी धावणारा कुत्रा. भंडाऱ्याने त्या काचेवर इतकी वर्षं इतकी हळद चढली आहे की घोड्याचे पाय दिसत नाहीत, पण कुत्र्याचं तोंड दिसतं.

माधवकाका सोवळं नेसून बसले होते. बाबांचे धाकटे भाऊ, कल्याणला राहतात, आमच्या घराण्यात आता तेच मोठे. काका वाईट माणूस नाही, हे आधी सांगायला हवं. लहानपणी मला पोहायला त्यांनी शिकवलं. माझं लग्न जमत नव्हतं त्या वर्षांत एकट्या त्यांनीच मला कधी त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी झोळीकडे पाहिलं, माझ्या निऱ्यांवरच्या डागाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नंदे, देवासमोरून नको नेऊस ते. मागून जा."

मागून म्हणजे बेडरूममधून गॅलरीत. मी गेले. वॉशिंग मशीनच्या बाजूला टॉवेल अंथरला, मोहरीला ठेवलं, दोरीचं टोक गजाला बांधलं आणि हात धुऊन स्वयंपाकघरात आले. वहिनींनी माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला आणि पुरणाचं पातेलं पुढे सरकवलं. मी पुरण वाटायला घेतलं. तेव्हा गॅलरीतून आवाज सुरू झाला.

पिल्लाचं रडणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते भुंकण्यासारखं वाटतं. ते भुंकणं नसतं. ते एका सुरात चढत जातं आणि शेवटी चिरकतं. हॉलमधून आईचा आवाज आला, "काय ते नसतं लचांड. कशी मोकळी होतीस." आई तेव्हा एक्क्याऐंशीची होती, खुर्चीत बसून वाती वळत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच मला जास्त लागली.

मी पुरणाचा हात धुतला आणि गॅलरीत जाऊन जमिनीवर बसले. मोहरी मांडीत आली, गप्प झाली. उठले की रडायची, बसले की गप्प. तिसऱ्यांदा बसले तेव्हा ठरवलं की आता उठायचं नाही. घरात बारा माणसं होती. चुलतभाऊ होते, त्यांची मोठी झालेली मुलं होती, सोफ्यावर, पलंगावर, मोबाइल बघत. पुरण कुणालाही वाटता आलं असतं.

पण वाटायला आल्या वहिनीच. वाटून झाल्यावर त्या गॅलरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाळावर घाम, हाताला पीठ. म्हणाल्या, "नंदा, म्हणजे आता सगळं मीच बघायचं का?"

हा प्रश्न मला अजून आठवतो, कारण तो बरोबर होता. मी बंड पुकारलं होतं आणि त्याचं ओझं सोफ्यावरच्या कुणावर न पडता ह्या बाईच्या पाठीवर पडलं होतं. छत्तीस वर्षं आम्ही दोघींनी मिळून जे उचललं, त्यातलं माझं टोक मी सोडलं होतं, आणि दुसरं टोक तिच्या हातात तसंच होतं. सोडायचं तर असं सोडून चालणार नव्हतं.

मी मोहरीला उचलून खांद्याशी धरलं आणि बेडरूममधून हॉलच्या उंबऱ्यापर्यंत आले. देवासमोर गेले नाही.

"दादा," मी म्हणाले, "माझे हात अडकलेत. वांगी तू भाज. आणि पोरांना सांग, पानं मांडा, पाणी भरा."

दादा हसला. मी गंमत करते आहे असं त्याला वाटलं. मी हसले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बघण्यात एक गोंधळ होता, रोज चालणारा नळ आज का चालत नाही, असा.

"मला येत नाही वांगी भाजायला," दादा म्हणाला.

"गॅसवर ठेवायचं आणि फिरवायचं. कारखान्यात भट्टी सांभाळलीस तू."

तो उठला. का उठला मला माहीत नाही, कदाचित बारा माणसांसमोर बसून राहणं जास्त अवघड झालं असेल. मी दारातून बघत होते. त्याने वांग्याला तेल न लावताच ते बर्नरवर ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "आधी तेल लावा, टोचे मारा." त्याने टोचे मारले. साल तडतडायला लागली, घरभर तो जळका, गोडसर वास पसरला. पहिलं वांगं त्याने एका बाजूने कोळसा केलं, दुसरं ठीक झालं, तिसऱ्याची साल काढताना बोट पोळलं आणि ते कानाच्या पाळीला लावून उभा राहिला, अगदी बाबांसारखा. वहिनी स्टुलावर बसल्या. सणाच्या दिवशी, पानं वाढायच्या आधी, मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

बाबांची आठवण आली ती त्या दिवसामुळेही. आमच्याकडे चंपाषष्ठीचा नैवेद्य देवाला दाखवला की एक पान कुत्र्याला जातं. त्याने खाल्ल्याशिवाय घरातलं कुणी खात नाही. आम्ही टिळकनगरच्या चाळीत राहायचो तेव्हा बाबा सोवळ्यावरच पान घेऊन खाली जायचे आणि आम्ही भावंडं कठड्याला लोंबकळून बघायचो, शेजारी माधवकाका उभे असत. चाळीत आमच्यासारखी आणखी चार-पाच घरं होती, त्यामुळे गल्लीतली कुत्री दुपारपर्यंत तुडुंब झालेली असायची. एका वर्षी एक लाल कुत्रा बाबांच्या पानाचा वास घेऊन निघून गेला, दुसरा झोपेतून उठलाच नाही. बाबा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि हात जोडून म्हणाले, "घ्या की हो, पोरं उपाशी आहेत." संपूर्ण चाळ हसत होती. बाबा मात्र हसत नव्हते. त्या कुत्र्याशी ते 'अहो-जाहो' करत होते, आणि तो ज्या क्षणी उठून खायला लागला, त्या क्षणी त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. सोवळ्यात.

दादाच्या घरी पूजा झाली, आरती झाली, देवाला नैवेद्य दाखवला. काकांनी केळीच्या पानावर रोडगा, भरीत, पुरण ठेवलं आणि दादा ते घेऊन खाली गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आईच्या गोळीची वेळ टळत होती. वीस मिनिटांनी दादा पान तसंच घेऊन परत आला.

"कुत्रंच नाहीये खाली," तो म्हणाला. "वॉचमन म्हणतो, दोन महिने फिरकत नाहीत."

फाटकावरची पाटी सगळ्यांना ठाऊक होती.

"रस्त्यापलीकडे बघितलंस का?" काकांनी विचारलं.

"पार कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो."

मग एकेक करून सगळ्यांचे डोळे माझ्या खांद्याकडे वळले. मोहरी तिथे झोपली होती, तोंड माझ्या मानेत खुपसून.

काका म्हणाले, "असू दे. घरात आहेच की. देवानेच सोय केली. आण नंदे तिला, गॅलरीत पान ठेवू, तिथेच खाईल."

"नाही," मी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. मोहरी जागीसुद्धा झाली नाही. पण माझ्या तोंडून तो शब्द ऐकायची कुणालाच सवय नव्हती, मलाही नाही.

"नाही म्हणजे?"

"सकाळपासून तिला गॅलरीत बांधलं. देवासमोरून नेऊ दिलं नाही. आता घास हवा म्हणून ती चालते. काका, ती नैवेद्यापुरती नाही. माझ्याबरोबर राहते ती. तिला पान वाढायचं तर इथे, आत, सगळ्यांसमोर वाढा. नाहीतर मी तिला घेऊन घरी जाते, आणि तुम्ही दुसरा कुत्रा शोधा."

"नंदे, सोवळं असतं."

"बाबा सोवळ्यात कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. तुम्ही कठड्याशीच उभे होतात."

काकांनी मान खाली घातली. ते उभे होते, हे त्यांनाही आठवलं असणार. दादा पान धरून उभा होता, त्याचा हात अवघडला होता. आई वाती वळायची थांबली होती. मला वाटतं आम्ही सगळे तसेच संध्याकाळपर्यंत उपाशी उभे राहिलो असतो. पण वहिनी स्टुलावरून उठल्या. त्यांनी दादाच्या हातातलं पान घेतलं, देवाच्या चौरंगाच्या बाजूला, फरशीवर ठेवलं, त्याभोवती पाण्याचं बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "बसव तिला. आईंची गोळी राहिली आहे."

मी उंबरा ओलांडला. मोहरीला पानासमोर ठेवलं. भरीत बाजूला सारलं, कांदा कुत्र्याला चालत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेही काकांना आवडलं नाही, "पिढ्यान्‌पिढ्या घालतोय आपण," ते पुटपुटले. मोहरीने रोडगा हुंगला. बाजरीचा जाड, खरपूस रोडगा. तिने कडेला दात लावले, ते दुधाचे दात, टाचणीसारखे. रोडगा घसरला. पुन्हा लावले, पुन्हा घसरला. मग ती त्याच्यावरच बसली आणि माझ्याकडे बघून तो चढत जाणारा सूर सुरू केला. बारा माणसं भोवती उभी होती.

मी पुढे जे केलं ते विचार करून केलेलं नाही. मी रोडग्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, चावून मऊ केला, बोटावर घेतला आणि तिच्या तोंडाशी धरला. तिने चाटून घेतला. मी दुसरा तुकडा तोंडात टाकला.

"उष्टं केलंस तू नैवेद्याचं," काका म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांचा आवाज फाटला होता.

"तिला चावता येत नाही, काका."

"तिच्या आधी तू खाल्लंस."

"खाल्लं नाही. भरवतेय."

चार घास झाले, पाच झाले. माझं तोंड कोरडं पडलं होतं, बाजरी घशाला लागत होती. कुणीतरी माझ्या शेजारी पाण्याचा पेला ठेवला. वर पाहिलं तर आई होती, खुर्चीचा हात धरून, वाकून. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बोटाकडे बघत होती, आणि तिच्या ओठांची किंचित हालचाल होत होती, लहान मुलाला भरवताना बायकांचे ओठ आपोआप हलतात तशी.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. एक केळं खाल्लं, देवाला नमस्कार केला, आणि उन्हाचेच कल्याणला निघून गेले. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते लागलं. अजून लागतं. ज्याने आपल्याला पाण्यावर तरंगायला शिकवलं त्याने पाठ फिरवून जिना उतरावा, हे काही विजयासारखं वाटत नाही. पण पुन्हा तो दिवस आला तर मी तेच करीन, हेही मला तितकंच स्पष्ट ठाऊक आहे. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहतात, त्यांचं पटावं लागत नाही.

बाकीचे जेवले. पानं चुलतभावांनी वाढली, मीठ विसरले, कोशिंबीर दोनदा वाढली. चार वाजता मी उठले.

"निघते मी. तिची वेळ होते," मी म्हणाले. कुणी थांब म्हटलं नाही. भांडी ओट्यावर तशीच होती. दाराशी चपला घालताना मी कान देऊन ऐकलं तर आत दादा विचारत होता, "घासणी कुठे असते?"

काका त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दादाने फाटकावरची पाटी काढली नाही. कुटुंबं एका दुपारीत बदलत नाहीत, मी तसली अपेक्षाही ठेवली नव्हती. पुढच्या मार्गशीर्षात वहिनींचा फोन आला, "नंदा, तुम्ही दोघी किती वाजता येताय?" हे 'दोघी' ऐकून मी मोहरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, यंदा मी माझ्या घरी करणार आहे. टाक घडवून आणलाय. तुम्हीच या."

दादाचं म्हणणं पडलं की असं होत नाही. कुळाचार मुलाच्या घरी असतो, मुलीच्या घरी तिच्या सासरचा देव येतो. मला सासर नाही, मी म्हणाले, म्हणून मला देवच नाही का? 'बघू' म्हणाला, आणि तो आला नाही. दादाकडची पूजा सकाळी उरकून वहिनी दुपारी आल्या, आणि त्यांच्याबरोबर रिक्षातून, काठी टेकत, दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना दोन ठिकाणी बसून चढत, आई आली. तिने माझं घर तोवर तीनदाच पाहिलं होतं. सगळीकडून फिरली, गॅलरीत गेली, मोहरीची वाटी पायाने भिंतीकडे सरकवली, कुणी ठेचकाळू नये म्हणून.

पूजेनंतर तळी उचलायची असते. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवायचा, तीन, पाच किंवा सात जणांनी मिळून ताम्हन धरायचं आणि देवाच्या नावाने जयघोष करत तीनदा वर उचलायचं. आमच्याकडे ते पुरुष करतात. आम्ही बायका मागे उभ्या राहून हात जोडतो. माझ्या हॉलमध्ये पुरुष नव्हता. मी ताम्हन चौरंगावर ठेवलं आणि आम्ही तिघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो.

"ह्याला खाली बसावं लागेल," आई म्हणाली. "मला खाली वाकता यायचं नाही. वर घ्या ते, टेबलावर."

टेबलावर घेतलं. तिघींनी कडा धरल्या. आईची बोटं थंड होती. पहिल्यांदा 'येळकोट येळकोट, जय मल्हार' म्हटलं तेव्हा आमचा आवाज आम्हालाच ऐकू आला नाही. मोहरी मात्र बेडरूममधून धावत आली आणि भुंकायला लागली. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं. वहिनींचा आवाज एवढा खणखणीत आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही नसावं. भिंतीपलीकडे शेजारच्यांचं दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आमच्या दाराशी येऊन थांबली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"तीनदा असतं ना?" आई म्हणाली, आणि तिसऱ्यांदा तिनेच सुरुवात केली.